कॅफेत 'एक्स्ट्रा हॉट' मागणं बंद व्हायला हवं

दुधाळ (धागाकर्ता)
पुण्यातल्या कॅफेंत 'जरा कडक गरम करून द्या' ही मागणी इतकी नेहमीची झाली आहे की काउंटरवरची मुलं न विचारताच दूध उकळीला नेतात. माझं मत सरळ आहे. कॅपुचिनो आणि लाटे या फेसाळ दुधाच्या कॉफ्यांचं दूध ६५ अंशांच्या वर न्यायचंच नाही, आणि कॅफेने गिऱ्हाइकाला तसं सांगायला कचरू नये.

फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं. ७० अंशांच्या पुढे त्यांची घडी मोडू लागते आणि तापल्या दुधाचा गंधकी वास सुटतो. तो कॉफीच्या वासावर बसतो. शिवाय कॅफेत दूध मशीनच्या वाफेने तापवतात, आणि वाफ म्हणजे पाणीच. जितकं जास्त तापवाल तितकं जास्त पाणी दुधात उतरतं. इटलीतल्या इस्तितुतो नात्सिओनाले एस्प्रेसो इतालियानो या संस्थेच्या कॅपुचिनोच्या मापात २५ मिली एस्प्रेसोवर (मशीनच्या दाबाने काढलेली दाट कॉफी), १०० मिली थंड दूध फुलवून केलेलं १२५ मिली दूध येतं, तेही ५५ अंशांच्या आसपासचं. ज्यांनी हे पेय घडवलं त्यांनी ते कोमटाच्या थोडं वर ठेवलंय, त्याला कारण आहे.

वाफाळता_कप
पूर्ण असहमत. अडीचशे रुपये मोजणाऱ्या माणसाला त्याची कॉफी किती गरम हवी हे कॅफे ठरवणार? आपल्याकडे चहा गॅसवरून थेट कपात येतो, उडप्याकडची फिल्टर कॉफी तापत्या दुधाची असते. त्या तोंडाला ५५ अंशांचं पेय निवलेलंच वाटणार. आणि लग्नातली 'एस्प्रेसो' विसरू नका! इन्स्टंट कॉफी, साखर, मशीनच्या नळीने खळखळून फेसाळलेलं दूध, वर चॉकलेट पावडर. पिढ्यान्‌पिढ्या लोक ती आवडीने पितात. इटलीचं माप इटलीत.

दुधाळ
लग्नातली कॉफी मलाही आवडते. तिच्यात साखर आणि चॉकलेट सगळं सांभाळून घेतात. कॅपुचिनोत साखर नसते, तिथे दुधाचा स्वतःचा गोडवा जिभेला लागायला हवा आणि तो ६० च्या आसपास छान लागतो.

मशीनमागचा
मी कॅफेत काम करतो. दोघांशीही थोडं भांडण आहे.

दूध कसं होतं ते आधी सांगतो. थंडगार दूध, आणि ते फेसाळायचा जगही थंड. वाफेच्या नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवायचं, चर्र-चर्र असा बारीक आवाज आला पाहिजे. हवा घ्यायची ती इथेच, जग हाताला कोमट लागेपर्यंत. मग टोक थोडं खाली आणि कडेला सरकवायचं, म्हणजे दूध गोल भोवऱ्यात फिरतं आणि बुडबुडे मोडून बारीक होतात. जग हातात धरवेना झाला की वाफ बंद. नंतरही दोन-तीन अंश चढतातच. जग ओट्यावर आपटायचा, गोल फिरवायचा, दूध ओल्या ऑइल पेंटसारखं चमकलं पाहिजे. ओतताना सुरुवात उंचावरून, म्हणजे दूध क्रेमाच्या, म्हणजे एस्प्रेसोवरच्या तपकिरी फेसाच्या, खाली जातं. अर्धा कप भरला की जगाची चोच अगदी जवळ आणायची, तेव्हा पांढरं वर उमटतं.

'कॉफी गार आहे' ही तक्रार बहुतेकदा दुधाची नसते. कप थंड असतो, किंवा भरलेला कप काउंटरवर पडून राहतो. कप मशीनच्या डोक्यावर तापवून घ्या, अर्ध्या तक्रारी जातील. पण धागाकर्ते, गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायला आम्हाला सांगू नका. नोकरी आमची जाते.

गोठ्याजवळची
इथे सगळे पिशवीच्या दुधावर बोलताहेत. आमच्याकडे म्हशीचं सुटं दूध येतं. ते ६० वर थांबवून प्यायचं? दूध उतू जाईपर्यंत तापवूनच घ्यावं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, आणि ते बरोबर आहे.

दुधाळ
ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर. सुटं दूध आधी उकळा, फ्रीजमध्ये गार करा, साय काढून गाळा, मग फेसाळा. कॉफीची वाफ कच्चं दूध निर्धोक करत नाही. पिशवीचं दूध मात्र डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद पाश्चराइज होऊन येतं. कॅफेत ते परत उकळायची गरज नाही.

वाफाळता_कप
कप तापवण्याचं पटलं. पण तापलेल्या कपातही मला ७० चं हवं असेल तर द्यावं, वासाची जबाबदारी माझी.

मशीनमागचा
देऊ. फक्त दरवेळी ताजं थंड दूध घेऊनच. काही ठिकाणी आधीच्या जगातलं उरलेलं कोमट दूध परत वाफेवर धरतात. त्याला धड फेस येत नाही, आणि दिवसभर तेच दूध गरम-गार होत राहतं. भांडायचं असेल तर त्यावर भांडा.