मदत हवी आहे: हृदयाच्या फॉन्टन ऑपरेशननंतर भाचीच्या अंगावर सूज

नमस्कार मंडळी, आम्ही कळव्याचे. भाचीच्या हृदयाचा जन्मापासून एकच पंप करणारा कप्पा. फॉन्टन ऑपरेशन झालंय. त्यात अशुद्ध रक्त पंपाविनाच थेट फुप्फुसात जातं. आता सकाळी डोळे सुजतात, फ्रॉकचं इलॅस्टिक पोटावर रुततं, जिन्यात मधेच बसते. डॉक्टर म्हणाले, हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदय कमी पडत असल्याची लक्षणं. इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, लॅसिक्स (लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारं औषध) चालू आहे. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी आलंय, म्हणून आतड्यातून प्रथिनं जातायत का तेही तपासणार.

दुसऱ्या मतासाठी खारघरचं संजीवनी हॉस्पिटल की परळचं वाडिया? कुणाचं मूल यातून गेलंय का? बिनमिठाचं जेवण ती थुंकून टाकते, तुम्ही काय देता? काढे नकोत प्लीज, आजीनं भरपूर सुचवलेत. रिपोर्ट सोमवारी मिळतील, त्याआधी कळलं तर बरं.