पाण्याकाठच्या रेस्टॉरंटमधील निराशाजनक कौटुंबिक जेवण : तक्रार नेमकी कशाची आणि कशी करावी?

प्रश्न

आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण झाली, म्हणून आम्ही भावंडांनी सगळ्या कुटुंबाला पाण्याकाठच्या एका रेस्टॉरंटमध्ये रात्रीच्या जेवणाला नेले. आम्ही दहा-बारा जण होतो. त्यात लहान मुले होती आणि ऐकायला कमी येणारे माझे वडीलही होते. बुकिंग बरेच आधी केले होते, माणसांची संख्या सांगितली होती आणि सूर्यास्ताच्या सुमारास पाण्यालगतचे एकच मोठे टेबल मिळेल, असे फोनवर स्पष्टपणे कबूल करून घेतले होते. प्रत्यक्षात आम्हांला दोन वेगवेगळ्या टेबलांवर बसवण्यात आले आणि त्या दोन टेबलांच्या मधून वेटरांची सतत ये-जा चालू होती.

ऑर्डर घेऊन तासाहून अधिक वेळ झाला तरी मुलांच्या ताटल्यांखेरीज काहीही आले नव्हते. मुलांचे खाणे उरकले, ती कंटाळून कठड्याकडे धावू लागली, तेव्हा मोठ्यांचे पदार्थ एकेक करून येऊ लागले. आईसमोर आलेल्या माशाच्या कडा वाळून टणक झाल्या होत्या, त्यावरच्या सॉसवर साय धरल्यासारखा पापुद्रा आला होता आणि काट्याने तुकडा मोडल्यावर आतून जराही वाफ निघाली नाही. वडिलांचा पदार्थ सर्वांत शेवटी आला. तोवर बाकीच्यांचे खाऊन झाले होते आणि ज्या दोघांसाठी आम्ही जमलो होतो, त्यांनी एका वेळी चार घासही बरोबर खाल्ले नाहीत. टेबलावर न आलेला एक पदार्थ बिलात लावलेला होता, तो काढून घ्यायला आणखी वेळ गेला.

मॅनेजरांचे एकच उत्तर होते, की आज गर्दी फार आहे आणि पाण्याकाठी एवढे चालायचेच. मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. अशा ठिकाणी हे खरोखरच अटळ असते का, की हा निव्वळ नियोजनाचा अभाव होता? जेवण चालू असताना, घरच्यांचा विरस न करता, कोणाशी आणि केव्हा बोलायला हवे होते? आणि आता लेखी तक्रार केली, तर तिच्यात काय मागणे रास्त ठरेल? पैसे परत मिळावेत हा माझा मुख्य हेतू नाही, परंतु आईवडिलांचा तो दिवस पुन्हा येणार नाही आणि रेस्टॉरंटने ‘गर्दी होती’ एवढ्यावर गप्प बसावे, हे मला मान्य नाही.

पहिला प्रतिसाद

मी बरीच वर्षे रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आणि नंतर बाहेर कॅप्टन, म्हणजे वेटरांवर देखरेख करणारा, म्हणून काम केले आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

पाण्याकाठच्या जागेच्या काही अडचणी खऱ्या असतात. पहिली अडचण सूर्यास्ताची. शहरातल्या साध्या रेस्टॉरंटमध्ये लोक संध्याकाळभर थोडे थोडे येत राहतात. पाण्याकाठी मात्र प्रत्येकाला तोच अर्धा-पाऊण तास हवा असतो. सगळी टेबले एकाच वेळी भरतात, सगळे सूर्य बुडेपर्यंत फोटो काढत थांबतात आणि अंधार पडताच एकदम ऑर्डर देतात, त्यामुळे किचनमध्ये केओटींचा, म्हणजे टेबलाची ऑर्डर लिहून किचनकडे पाठवलेल्या चिठ्ठ्यांचा, ढीग एकाच क्षणी पडतो. शेगड्या आणि हात तेवढेच असल्याने रांग लागते. दुसरी अडचण अंतराची. पाण्यालगतची टेबले बहुधा किचनपासून सर्वांत दूर असतात, आणि उघड्यावरचा वारा पदार्थावरची उबदार, ओलसर हवा सतत वाहून नेतो, म्हणून आतल्या दालनात गरम राहिलेली ताटली बाहेर लवकर निवते.

परंतु या दोन्ही गोष्टी त्या रेस्टॉरंटला रोज ठाऊक असतात. सूर्य कधी मावळणार हे वर्षभर आधी सांगता येते, तेव्हा त्या वेळची गर्दी ही अकस्मात आलेली आपत्ती मानता येत नाही. ज्यांना नीट चालवायचे असते, ते बुकिंगच्या वेळा पंधरा-पंधरा मिनिटांच्या फरकाने देतात, मोठ्या कुटुंबाला सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी बोलावतात किंवा त्यांची ऑर्डर आदल्या दिवशीच घेऊन ठेवतात, ताटल्या तापवून वाढतात आणि दूरच्या टेबलांसाठी वेगळा माणूस नेमतात. यातले काहीच झालेले दिसत नाही.

माशाविषयी तुम्ही जे लिहिले आहे, त्यावरून काय घडले असावे याचा बराचसा अंदाज येतो. माशाच्या मांसात संयोजी ऊती, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे धागे, कमी असतात, त्यामुळे तो लवकर शिजतो आणि तितक्याच लवकर कोरडा पडतो. आतले तापमान 63 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की तो खाण्यायोग्य शिजलेला मानतात. त्यानंतर उष्णतेखाली ठेवलेले प्रत्येक मिनिट त्यातले पाणी कमी करत जाते. कडा वाळणे आणि सॉसवर पापुद्रा धरणे या दोन खुणा एकत्र दिसल्या, तर मासा बहुधा वेळेवर शिजला होता, पण टेबलाचे बाकीचे पदार्थ तयार होईपर्यंत किंवा उचलायला वेटर मिळेपर्यंत काउंटरवर पदार्थ गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली पडून राहिला होता. म्हणजे दोष शिजवणाऱ्याचा कमी आणि समन्वयाचा अधिक आहे. एकाच कुटुंबाची दोन टेबले केली की किचनकडे दोन स्वतंत्र केओटी जातात आणि त्या एकत्र काढायच्या आहेत, हे कोणी बजावून सांगितले नाही, तर त्या एकत्र निघत नाहीत. तुमच्या आईवडिलांचे पदार्थ वेगवेगळ्या वेळी येण्याचे कारणही मला यातच दिसते. म्हणून माझ्या मते तुमच्या तक्रारीचा गाभा कबूल केलेले एक टेबल मोडून दोन करणे हा आहे. उशीर आणि थंड जेवण हे त्यातूनच आले.

दुसरा प्रतिसाद

वरील स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे, फक्त एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. मासा कोणाच्या हातून बिघडला, हे शोधणे ग्राहकाचे काम नाही, आणि तक्रारीत असे निदान मांडले, तर समोरचा त्याच्यावरच वाद घालत बसतो. जे दिसले आणि जे घडले, तेवढेच लिहावे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी सांगायचे, तर बोलण्याची योग्य वेळ बसण्यापूर्वीची होती, असे मला वाटते. दोन टेबले दिसताच घरातल्या एकाने, बाकीच्यांना पाण्याकडे बघत उभे ठेवून, बाजूला जाऊन कॅप्टनशी बोलावे. त्या क्षणी त्यांच्या हातात उपाय असतात : टेबले जोडणे, आतल्या बाजूला एक मोठे टेबल देणे किंवा किमान दोन्ही टेबलांचे जेवण एकत्र काढण्याची सूचना किचनला देणे. एकदा ऑर्डर गेली की हे उपाय हळूहळू संपत जातात. दुसरी वेळ थंड पदार्थ आल्याबरोबरची. अर्धा खाऊन मग परत केलेल्या ताटलीवर कोणी फारसे काही करत नाही. पहिल्या घासानंतर, आवाज न चढवता, “हा थंड आहे, दुसरा करून द्या, आणि किती वेळ लागेल ते आत्ताच सांगा,” असे म्हटले तर बहुतेक ठिकाणी तो बदलून मिळतो. वेळ विचारायला विसरू नये, कारण अर्धा तास लागणार असेल, तर पदार्थ रद्द करून बिलातून काढून घेणे अधिक शहाणपणाचे असते. उत्सवमूर्तींना या बोलण्यात ओढू नये. घरातल्या एका व्यक्तीवर ही जबाबदारी आधीच सोपवलेली असली, की बाकीच्यांच्या गप्पा अखंड चालू राहतात.

वडिलांच्या ऐकण्याचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, परंतु मला तो महत्त्वाचा वाटतो. माझ्या सासूबाई श्रवणयंत्र वापरतात. उघड्यावर वारा यंत्राच्या मायक्रोफोनवर आदळला की त्यांच्या कानात सतत घरघर होते आणि शेजारी बसलेल्याचेही बोलणे त्यांना कळत नाही. त्या नुसत्या हसून मान डोलावतात आणि आम्हांला वाटत राहते, की त्या मजेत आहेत. त्यामुळे आम्ही हल्ली पाण्याकाठी गेलो, तर काचेआडचे कोपऱ्यातले टेबल मागतो, त्यांच्या पाठीमागे भिंत येईल असे बसवतो आणि पाण्यालगत जेवणाआधी किंवा नंतर फेरी मारतो. गोंगाटाचा परिणाम जिभेवरही होतो. मोठ्या आवाजात गोड आणि खारट चव फिकी लागते, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

तिसरा प्रतिसाद

एक मुद्दा कोणी मांडलेला नाही आणि तो मला तातडीचा वाटतो. अशा गर्दीच्या वेळी कुटुंबातल्या कोणाला कवचधारी जलचरांची, म्हणजे कोळंबी, खेकडा वगैरेंची ॲलर्जी असेल, तर टेबले विभागली जाण्याचा धोका थंड जेवणापेक्षा फार मोठा असतो, कारण ॲलर्जीची सूचना एका केओटीवर लिहिली जाते आणि माणूस दुसऱ्या टेबलावर बसलेला असतो. या जलचरांमधील ॲलर्जी निर्माण करणारे मुख्य प्रथिन शिजवल्याने नष्ट होत नाही. ज्या तेलात कोळंबी तळली, त्याच तेलात तळलेले बटाटेही अशा माणसाला बाधू शकतात. म्हणून तळणीचे तेल वेगळे आहे का, हा प्रश्न बुकिंगच्या फोनवर, टेबलावर ऑर्डर देताना आणि पदार्थ समोर आल्यावर पुन्हा एकदा विचारावा. उत्तर देणारा चाचरला, तर तळलेला पदार्थ घेऊच नये.

समारंभाविषयीही थोडे लिहावेसे वाटते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना 14 अंशांच्या थंड पाण्यात एक मिनिट हात बुडवायला सांगितले, आणि दुसऱ्या खेपेस तेच करून पुढे आणखी अर्धा मिनिट, पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत नेत, हात आतच ठेवायला सांगितले. यांपैकी पुन्हा काय कराल, असे विचारल्यावर बहुतेकांनी अधिक वेळ चाललेला दुसरा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट जरा कमी त्रासाचा होता. जेवण फसते आहे असे दिसले, की मी हे आठवून गोड पदार्थ तिथे मागवतच नाही; बिल चुकते करतो आणि सगळ्यांना घेऊन दुसरीकडे किंवा घरी जातो. तुमच्या बाबतीत ती रात्र गेली, पण आईवडिलांसाठी घरी, सगळ्यांनी एकाच टेबलाभोवती बसून केलेले एखादे जेवण अजूनही होऊ शकते, आणि ते लवकर करावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दोन टेबले आणि दोन केओटी यांचा संबंध माझ्या लक्षातच आला नव्हता, आणि आता त्या रात्रीचा सगळा क्रम उलगडला. वडिलांना मी काल विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले, की त्या रात्री त्यांना पाण्याचा आणि वाऱ्याचा आवाज सोडून कोणाचेही बोलणे नीट ऐकू आले नव्हते. ते आमच्यापैकी कोणालाही कळले नव्हते, याचे मला फार वाईट वाटले. पुढच्या रविवारी आम्ही सगळे आईच्या घरी जमणार आहोत.

पत्रात मी निदान मांडणार नाही. बुकिंगच्या वेळी काय कबूल केले होते, काय मिळाले, कोणता पदार्थ किती उशिरा व कशा अवस्थेत आला, आणि मॅनेजर काय म्हणाले, एवढेच क्रमाने लिहीन. थंड आलेल्या पदार्थांचे पैसे मागावेत, की संपूर्ण बिलात सवलत मागावी, याविषयी मात्र माझा निर्णय होत नाही.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

थंड आलेल्या पदार्थांचेच पैसे मागा, आणि त्यांची नावे बिलावर जशी छापली आहेत तशीच लिहा. मुलांनी जे व्यवस्थित खाल्ले, त्याचे पैसे मागितले, तर तुमची बाजू विनाकारण कमकुवत होईल. पुढच्या भेटीसाठी कूपन देऊ केले आणि तुम्हांला तिथे पुन्हा जायचे नसेल, तर ते नम्रपणे नाकारून रक्कमच मागावी. पत्र मॅनेजरांऐवजी मालकांच्या नावे पाठवा, कारण टेबले विभागण्याचा निर्णय ज्यांच्या देखरेखीखाली झाला, त्यांनाच त्याचा जाब द्यायला सांगणे बरोबर नाही. सार्वजनिक ठिकाणी अभिप्राय लिहिण्यापूर्वी त्यांना उत्तर द्यायला आठ-दहा दिवस द्या. आणि अभिप्राय लिहाल, तेव्हा धावपळ करणाऱ्या त्या वेटरांना दोष देऊ नका. एवढ्या टेबलांना ते किती जण पुरे पडणार, हे ठरवणारे लोक दुसरेच होते.