मदत हवी आहे: मुलाकडे कायमचं जायचंय, आरोग्य विम्यावर गाडी अडली

वऱ्हाडी_गुरुजी: तीन दिवस फोन लावून थकलो. एजंट म्हणतो, हृदयाचा आजार असेल तर विमा मिळणारच नाही. सोयाबीन सोंगून झालं की मी आणि सौ. निघणार. कोणती पॉलिसी घ्यावी? लवकर सांगा.

पैनगंगा: गुरुजी, मुलगा कोणत्या देशात? वय? आजार केव्हाचा?

वऱ्हाडी_गुरुजी: कॅनडा. मी ६८, सौ. ६३. २०१९ ला स्टेंट टाकला. आता ठणठणीत आहे, रोज वावरात जाऊन येतो.

मोर्शीकर: काऊन इतका खर्च करता? आपल्याकडचीच ट्रॅव्हल पॉलिसी काढा. मी मुलीकडे तीवरच राहून आलो.

आर्णीची_सून: तुम्ही व्हिजिटर व्हिसावर गेले असाल भाऊ, त्याला विम्याची सक्ती नाही. गुरुजी, सुपर व्हिसा (आईवडिलांना लांब मुदतीसाठी मिळतो तो) का पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना?

वऱ्हाडी_गुरुजी: सुपर व्हिसा.

आर्णीची_सून: मग कायमचं नाही, एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहाल, पण तिथलं सरकारी हेल्थ कार्ड मिळणार नाही. किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान १ वर्षाचा विमा लागतो. नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याचा पुरावा पाहिजे.

मोर्शीकर: इथली कंपनी चालते आता, मी वाचलं आहे.

आर्णीची_सून: जानेवारी २०२५ पासून बाहेरची चालते, पण तिला कॅनडाच्या नियामकाची मान्यता पाहिजे. वाटेल ती कंपनी चालत नाही. गुरुजी, एवढ्यात गोळ्या बदलल्या का?

वऱ्हाडी_गुरुजी: १२ सप्टेंबरला बीपीची गोळी २५ ची ५० केली. त्याचा काय संबंध?

आर्णीची_सून: तिथेच सगळं आहे. जुना आजार ‘स्टेबल’ असेल तरच तो कव्हर होतो. बऱ्याच पॉलिसींत विमा सुरू होण्याआधीचे ९० किंवा १८० दिवस डोस बदललेला चालत नाही, कमी केला तरी. आमच्या मामाजींचा क्लेम एवढ्यावरूनच नाकारला. आजार लपवू तर अजिबात नका.

निवृत्त_लिपिक: नोव्हेंबरात हयातीचा दाखला कोण देणार? पेन्शन थांबते. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, मोबाईलवरून होतो, जायच्या आधी शिकून घ्या.

पैनगंगा: इथला विमाही सोडू नका. परत आलात आणि नवा काढला, तर जुन्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

वऱ्हाडी_गुरुजी: १८० दिवस मोजले तर मार्च उजाडतो. तिकीट पुढे ढकलता येतं का, रात्री मुलाला विचारतो. सौ.ला शुगर आहे, तिचीही गोळी उन्हाळ्यात बदलली होती. तिची फाईल काढून तारीख पाहतो.