'द ग्रोसर': किराणा व्यापाराचं साप्ताहिक छोट्या दुकानदाराचं राहिलं का?

तागडी

लंडनमध्ये जानेवारी १८६२ मध्ये विल्यम रीड यांनी 'द ग्रोसर' हे किराणा व्यापाराचं साप्ताहिक सुरू केलं. ते आजही निघतं. माझं मत सरळ मांडतो: ज्या दुकानदारासाठी ते निघालं, त्याला त्याने विसाव्या शतकात वाऱ्यावर सोडलं.

ते नेमकं तेव्हाच का निघालं, हे आधी बघू. इंग्लंडात जाहिरातींवरचा कर १८५३ मध्ये उठला, वृत्तपत्रांवरचा स्टॅम्प-कर १८५५ मध्ये आणि कागदावरचा कर ऑक्टोबर १८६१ मध्ये. छपाई स्वस्त होताच एकेका धंद्याचं पत्र निघू लागलं. 'द बुकसेलर' १८५८ चं, 'द केमिस्ट अँड ड्रगिस्ट' आणि 'द आयर्नमंगर' १८५९ ची. 'ग्रोसर' तर कागदकर गेल्यावर तीनच महिन्यांनी आलं. शिवाय किराणावाल्यांचे दिवसही धामधुमीचे होते. ब्रॅडफर्डला १८५८ मध्ये खाऊच्या गोळ्यांत चुकून आर्सेनिक मिसळलं गेलं आणि वीसेक माणसं दगावली. १८६० मध्ये भेसळीविरुद्ध कायदा झाला. १८६१ मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टननी दुकानदारांना घरी नेण्यासाठी वाइनची बाटली विकायची मुभा दिली. नव्या कायद्यात काय बसतं आणि काय नाही, हे सांगणारं कोणीतरी हवंच होतं.

तेव्हाचा ग्रोसर चहाचं मिश्रण स्वतः करायचा, साखरेची ढेप फोडायचा. लंडनच्या मिन्सिंग लेनच्या बाजारात चहा काय भावाने गेला हे कळलं, तरच घाऊक व्यापाऱ्यापुढे त्याचं काही चालायचं. अशा पत्रातले बाजारभाव म्हणजे त्याच्या हातातलं हत्यार होतं. आज त्याच साप्ताहिकाचं गाजलेलं सदर 'ग्रोसर ३३' आहे: दर आठवड्याला मोठ्या सुपरमार्केटांतल्या ३३ वस्तूंची बेरीज करायची आणि कोण स्वस्त ते सांगायचं. पूर्वी दुकानदाराने माल कितीला घ्यावा यासाठी भाव छापायचे, आता बडे लोक कितीला विकतात ते छापतात. वाचक बदलला, याचा आणखी पुरावा काय हवा?

शाईपेन

असहमत. इतिहास चांगला मांडलात, निष्कर्ष मात्र पटला नाही.

छोट्या दुकानदाराची पीछेहाट कशाने झाली ते क्रमाने पाहा. आधी पाकीटबंद माल आला. हॉर्निमनचा पाकिटातला चहा १८२६ पासून होता, आणि १८९० मध्ये लिप्टन चहात उतरल्यावर मिश्रण करण्याचं कसब दुकानदाराच्या हातून निसटत गेलं. मग युद्धातलं रेशनिंग आलं. त्यात गिऱ्हाइकाला एका ठरावीक दुकानात नाव नोंदवावं लागे, म्हणजे लहान दुकानालाही बांधलेलं गिऱ्हाईक मिळत होतं. १९५४ मध्ये रेशनिंग संपलं आणि ते सुटलं. सेन्सबरी या सुपरमार्केट साखळीचं क्रॉयडनचं दुकान १९५० मध्येच सेल्फ-सर्व्हिस झालं होतं. शेवटी १९६४ मध्ये व्यापारमंत्री एडवर्ड हीथ यांच्या कायद्याने कारखानदाराने ठरवलेल्या किमतीलाच विकण्याचं बंधन काढलं. किराण्यात ते बंधन त्याआधीच मोडकळीला आलं होतं.

यातलं काय एखादं साप्ताहिक थांबवू शकलं असतं? व्यापारी पत्र म्हणजे व्यापाऱ्यांची संघटना नव्हे. व्यापार जिथे जाईल तिथली बातमी त्याने द्यायची. आणि 'ग्रोसर ३३' कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही उपयोगी आहे. शेजारचं सुपरमार्केट दूध काय भावाने देतंय हे त्याला कळायला नको?

हॅरोकर

नव्वदच्या दशकात शिकत असताना मी इथे लंडनच्या हॅरो भागात एका गुजराती कुटुंबाच्या दुकानात शनिवार-रविवार काम करायचो. वर्तमानपत्रं, सिगारेट, दूध, पाव, डबाबंद माल. काउंटरखाली 'एशियन ट्रेडर'चे अंक पडलेले असायचे, 'ग्रोसर' मी तिथे कधी पाहिलं नाही. रमणिकलाल सोळंकी यांच्या 'गरवी गुजरात' या गुजराती साप्ताहिकवाल्यांनी १९८५ मध्ये 'एशियन ट्रेडर' काढलं. केनिया-युगांडातून आलेल्या किती कुटुंबांनी तोवर कोपऱ्यावरची दुकानं घेतली होती! पहाटे पाचला शटर उघडून रात्री दहाला बंद करणारी ही माणसं. त्यांच्यासाठी वेगळं पत्र काढावं लागलं आणि ते चाललं. यावरून जुन्या पत्रात काय कमी होतं ते दिसतं. तागडींशी सहमत.

शाईपेन

@हॅरोकर, नवा वाचकवर्ग तयार झाला की त्याचं नवं पत्र निघतंच. जुन्याने दगा दिला असं त्यातून सिद्ध होत नाही. उलट विल्यम रीड कंपनीनेच छोट्या दुकानांसाठी 'कन्व्हिनियन्स स्टोअर' नावाचं वेगळं नियतकालिक काढलं होतं. सोडूनच द्यायचं असतं तर एवढा खर्च कशाला केला असता?

गणिती

अमेरिकेशी तुलना केली तर हा वाद जास्त स्पष्ट होईल. तिथे 'प्रोग्रेसिव्ह ग्रोसर' १९२२ मध्ये स्वतंत्र दुकानदारांसाठी निघालं आणि साखळी दुकानांसाठी १९२५ मध्ये 'चेन स्टोअर एज'. त्याचे संपादक गॉडफ्री लेभार साखळ्यांची बाजू उघडपणे लढवत. ते दिवसही तसेच होते: साखळ्यांवर राज्याराज्यांत खास कर बसत होते, आणि मोठ्या खरेदीदाराला मिळणाऱ्या खास सवलतींना आळा घालणारा रॉबिन्सन-पॅटमन कायदा १९३६ मध्ये झाला. दोन पक्ष, दोन पत्रं. कोण कोणाचं, हे वाचकाला ठाऊक होतं.

'ग्रोसर'ने एकाच नावाखाली दोघांनाही धरून ठेवलं. त्यामुळे नेमका कधी त्याचा कल बदलला हे सांगणं अवघड आहे. मला तरी खरी मेख जाहिरातीत वाटते. अशा पत्राला पैसा मुख्यतः माल बनवणाऱ्या कंपन्या देतात, आणि त्यांना जाहिरात दाखवायची असते ती निर्णय घेणाऱ्याला. पूर्वी तो निर्णय हजारो दुकानदार घ्यायचे. आता तो काही मोजक्या मुख्य कार्यालयांतले खरेदी अधिकारी घेतात.

तागडी

@गणिती, अगदी हेच म्हणायचं होतं, तुम्ही नेमक्या शब्दांत पकडलंत.

@शाईपेन, वेगळं नियतकालिक काढणं म्हणजे घरातल्या थोरल्याला ओसरीवर खाट टाकून देण्यासारखं आहे. मुख्य पत्र ज्याच्या नावाने निघालं, त्याला पुरवणीत नेऊन बसवलं.

शाईपेन

ही उपमा त्या नियतकालिकावर अन्याय करते. छोट्या दुकानदाराचे प्रश्न वेगळे असतात: लॉटरी, चोऱ्या, पहाटेचा पुरवठा, बिलं भरण्याची यंत्रं. त्यांना अख्खं नियतकालिक मिळणं हे दोन पानांच्या कोपऱ्यापेक्षा बरंच.

आणि बड्यांवर अंकुश आणण्यात जाहीर चर्चेचा वाटा मोठा असतो. ब्रिटनमध्ये एक अब्ज पौंडांच्या वर किराणा उलाढाल असलेल्या साखळ्यांसाठी २०१० मध्ये पुरवठादारांशी कसं वागायचं याची आचारसंहिता लागू झाली, २०१३ मध्ये तिच्यावर देखरेख करणारा अधिकारी नेमला गेला. पुरवठादारांचे पैसे अडकवून ठेवल्याबद्दल २०१६ मध्ये टेस्को ही बडी सुपरमार्केट साखळी दोषी ठरली. हे प्रश्न ज्या पत्रांत आठवड्यामागून आठवडे चर्चिले जातात, ती नसती तर पुरवठादार बोलले असते का?

तागडी

पण ती आचारसंहिता कोणाला वाचवते? पुरवठादाराला. म्हणजे जाहिरातदाराला. कोपऱ्यावरच्या दुकानदारासाठी त्यात काय आहे ते सांगा. टेस्कोला मिळणारा भाव त्याला मिळावा असा एक शब्द त्यात नाही. अमेरिकेत १९३६ मध्ये निदान तसा कायदा झाला होता.

शाईपेन

हे मान्य. संहिता पुरवठादारांसाठीच आहे. पण ती मर्यादा कायद्याची, तिचं खापर साप्ताहिकावर फोडू नका.

माझा एक प्रस्ताव आहे. १९५० ते १९६५ या काळातले अंक लंडनला ब्रिटिश लायब्ररीत कोणाला पाहता आले तर संपादकीयं आणि दुकानदारांची पत्रं वाचून इथे लिहा. १९६४ च्या कायद्याच्या वेळी संपादक काय म्हणत होते, यावरच आपला वाद मिटेल किंवा पेटेल.

हॅरोकर

उन्हाळ्यात मला सवड आहे, मी बघतो. नुसती संपादकीयं नाही, जाहिरातींची पानंही मोजतो.