आजीचं घंगाळ साडेनऊ हजारांना : जुन्या वस्तूंचे गाळे वारसा वाचवतात की विकून खातात?

कृष्णाकाठचा

गेल्या रविवारी सांगलीच्या पेठेतल्या जुन्या वस्तूंच्या गाळ्यांत गेलो होतो. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जुनी दुमजली इमारत, मधे अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना मिळून दहा-बारा गाळे. पूर्वी तिथे हळदीचे अडते होते. पावसाळ्यात भिंतींना अजून हळदीचा वास येतो.

मी गेलो होतो रेडिओचं बटण शोधायला. एका गाळ्याच्या पायरीवर तांब्याचं घंगाळ, म्हणजे अंघोळीच्या पाण्याचं मोठं पसरट भांडं, पालथं घातलेलं दिसलं. काठाजवळ टोचून घातलेलं नाव सहज वाचलं आणि थबकलोच. आमच्या आजीचं नाव, पुढे आमच्याच आडनावाचं आद्याक्षर, खाली 'हिस मामाकडून, १२-५-५१'. आजीचं लग्न ५१ सालचं.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा आमचा गावभागातला वाडा पंधरवडाभर चिखलात होता. पाणी ओसरल्यावर काकांनी तळघरातलं सगळं हातगाडीवर लादून मोडीत घातलं. घंगाळ त्यातच गेलं असणार. किलोच्या भावानं गेलेल्या त्या भांड्याची किंमत आता साडेनऊ हजार.

माझं म्हणणं सरळ आहे. पुरात, वाटण्यांत, वाडे पाडताना लोक भानावर नसतात. अशा वेळी उचललेल्या वस्तूवर चौपट नफा घेऊन वर 'आम्ही वारसा जपतो' अशी पाटी लावू नये. निदान वस्तू कुठल्या गावातून, कुठल्या घरातून आली ते लिहून ठेवावं आणि भांड्यावर नाव असेल तर आधी त्या घरच्यांना विचारावं. तुमचं मत काय?

चिंचेचा_कोळ

मत देते, पण आधी एक प्रश्न. ते घंगाळ तुम्ही आयुष्यात कधी घासलंत का?

मी घासलंय. आमच्याकडे बंब, घंगाळ, दोन हंडे, पाण्याचं पिंप आणि श्रावणात वर सगळी पूजेची उपकरणी. चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन मागच्या मोरीत बसायचं. दुपार जायची, बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. पितळी पातेल्यांना कल्हई नसली की आमटी कळकायची, म्हणजे वर बोलणी. गॅसचा गिझर आला त्या दिवशी सासूबाईंनी स्वतः बंब मोडीत दिला आणि आम्ही दोघींनी बाहेरून भेळ आणून खाल्ली.

वारसा वगैरे शब्द बहुतेक वेळा मोरीत न बसलेली माणसं वापरतात.

गावभाग_नं_१

ताई, दंडवत. 😀

पण धागाकर्त्याचा मुद्दा घासण्याचा नाही, नफ्याचा आहे. पुरानंतर चार दिवसांत बाहेरचे टेम्पो आले होते, मी डोळ्यांनी पाहिलेत. शिसवी कपाट तीनशे रुपयांना. 'भिजलंय, फुगलंय, फेकूनच देणार ना?' म्हणायचे. तेच कपाट वाळवून पॉलिश करून कुठे गेलं असेल ते सांगायला नको. अडलेल्याकडून घ्यायचं आणि हौशीला विकायचं, याला धंदा म्हणा, जतन म्हणू नका.

गाळेवाला

मी त्याच बोळात बसतो. घंगाळ माझं नाही, शेजाऱ्याचं आहे. तरी बोलतो.

एक. मोडीत गेलेली वस्तू आमच्याकडे यायला ती आधी भट्टीतून वाचावी लागते. भंगारवाल्याकडे हंडा गेला की हातोड्यानं चेपतात, म्हणजे पोत्यात जास्त माल मावतो. आम्ही पहाटे जाऊन चेपायच्या आधी निवडतो, मोडीच्या भावावर किलोमागे जास्त देऊन. दहा उचलले तर दोन विकले जातात, बाकीचे वर्षानुवर्षं अडगळ. भाडं, लाइट बिल, त्यात २०१९ ला आमच्याही गाळ्यांत छपराला पाणी होतं. माझ्या दोनशे लाखेच्या तबकड्यांची लेबलं सुटून गेली. कोणती कुणाची ते आता वाजवूनच कळतं. त्यातली एक गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची निघाली, ती मात्र विकायची नाही असं ठरवलंय.

दोन. 'कुठल्या घरातून आली ते लिहा' म्हणता. साहेब, वस्तू आणून देणारा पहिली अट काय घालतो माहितीये? 'आमचं नाव कुठं येता कामा नये.' लोक दिवस मावळल्यावर येतात. समई पिशवीत, वर भाजी. देव्हारा विकणाऱ्या बाईनं माझ्या दुकानात बसून देवांना हळदकुंकू वाहिलं, मग पैसे मोजून घेतले. तिचं नाव पाटीवर लिहू?

तीन. नावं घासून काढा असं गिऱ्हाइकच सांगतं. हॉटेलवाले तर हमखास. बफ मारला की पाच मिनिटांत नाव जातं. शेजाऱ्यानं तुमच्या आजीचं नाव ठेवलं, एवढं तरी त्याच्या खात्यावर जमा करा.

कृष्णाकाठचा

देव्हाऱ्याचं वाचून गप्प झालो. नाव नको, पण गाव आणि साल तरी लिहिता येईल ना? 'कवठेमहांकाळकडून, वाडा पाडताना, अमुक साली.' एवढ्यानं कुणाची अब्रू जात नाही.

गाळेवाला

हे जमण्यासारखं आहे. विचार करतो.

ढब्बू_पैसा

तुम्ही सगळे गाळेवाल्यांना साधुसंत नाहीतर दरोडेखोर समजताय. तिथला निम्मा 'जुना' माल मुळात जुनाच नसतो, हा खरा वांधा. मुरादाबादेहून नवी पितळी भांडी येतात, त्यांना मीठ-नवसागर चोळून ओल्या मातीत पुरतात, दोन महिन्यांनी आजोबांची होतात.

भांडं आतून बघत चला. हातानं घडवलेल्यावर ठोक्यांचे ठसे दिसतात आणि जुन्या मोठ्या भांड्याचा जोड दातेरी असतो, एकमेकांत अडकलेल्या बोटांसारखा. यंत्रावर फिरवून काढलेल्याला आतून बारीक गोल रेघा येतात, तबकडीसारख्या.

नाण्यांचं तर विचारूच नका. राम-सीतेचं चित्र आणि 'वन आणा १८१८' लिहिलेला जाड तांब्याचा ठोकळा घेऊन दर आठवड्याला कुणीतरी येतं. 'ईस्ट इंडिया कंपनीचं आहे, चुंबकीय आहे, तांदूळ ओढतं.' अहो, कंपनीनं सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी पाडायला सुरुवात केली १८३५ मध्ये! १८१८ च्या त्या नाण्याला टोकन म्हणतात, आणि तेही अलीकडचं. राणीछाप रुपया मात्र बघून घ्या. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी जवळजवळ ९२ टक्के. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो. म्हणजे चुंबकीय नाणं हवंच असेल तर ते घ्या, दहा-वीस हजार वाचतील.

कलम_दोन

कायद्याचं कुणी बोलेना म्हणून. पुरावस्तू व कला-कोष अधिनियम, १९७२. अंमल ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षं झालेली वस्तू पुरावस्तू. हस्तलिखितं आणि ऐतिहासिक कागद असतील तर पंचाहत्तर वर्षं पुरतात. पुरावस्तूंचा धंदा करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. दगडी-धातूच्या मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणी करावी लागते, घरात असल्या तरी. देशाबाहेर पाठवणं खासगी माणसाला बंद.

सबब धागाकर्त्याचं १९५१ चं घंगाळ कायद्याच्या नजरेत नुसतं जुनं भांडं आहे. त्यावर कुणाचा हक्क राहिला असेल तर तो भावनेचा. काकांनी विकलं, पैसे घेतले, विषय संपला.

वाडे पाडणाऱ्यांसाठी मात्र एक गंमत. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरांना कळवायचं. दहा रुपये! आकडा तेव्हाचाच आहे.

गावभाग_नं_१

दहा रुपयांत आता मडकंसुद्धा येत नाही, आतल्या मोहरा सोडा.

मिरजेची_तार

गाळ्यांवर माझा राग वेगळाच आहे. मागच्या दिवाळीत तिथं एक तंबोरा बघितला. भोपळ्याला मागून गोल भोक पाडलेलं आणि आत पिवळा बल्ब. 'वॉल लॅम्प', सहा हजार.

मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीजवळ वाढलो. हे कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. लढाया संपल्या तशी तीच हातोटी वाद्यांकडे वळली. भोपळा निवडायचा, वाळवायचा, तुणीच्या लाकडाचा दांडा जोडायचा आणि मग जवारी काढायची. घोडीचा माथा कानसत कानसत तारेचा आवाज उघडेपर्यंत बसायचं, तिथं घड्याळ चालत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. आणि तिथून आठ-दहा किलोमीटरवर त्याच तंबोऱ्याचा दिवा करून टांगलाय.

घंगाळात कुणी झाड लावलं तर घंगाळ मरत नाही, उद्या झाड काढा आणि पाणी भरा. भोक पाडलेला तंबोरा परत बोलत नाही. वस्तू विकण्याला माझी हरकत नाही. तिचं काम कायमचं बंद पाडून विकण्याला आहे. गाळेवाल्यांनी एवढं पथ्य पाळावं : दुरुस्त होण्यासारखं वाद्य आधी गल्लीत दाखवा, मग काय ते करा.

गाळेवाला

तो तंबोरा आमच्या बोळातला नाही असं म्हणायला फार आवडलं असतं. आमच्याच बोळातला होता. दांडा दोन ठिकाणी मोडलेला होता ही सबब, पण तुम्हाला पटणार नाही आणि मलाही नीट पटलेली नाही.

ओगलेवाडी_पॅसेंजर

मी गाळ्यांच्या बाजूनं. कराडकडचा आहे. आमच्याकडे ओगलेवाडीला १९१६ मध्ये काच कारखाना उभा राहिला, तिथला प्रभाकर कंदील घरोघरी होता. कारखाना बंद पडला, कंदील पत्र्याच्या भावात गेले. माझ्या मुलानं पहिला प्रभाकर कंदील बघितला तो सांगलीच्या या गाळ्यांत. शाळेत नाही, कुठल्या संग्रहालयातही नाही. तिथल्या म्हाताऱ्यानं काच उचलून, वात वर-खाली करून दाखवली. मग चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ओळीनं मांडून एकात एक ज्वारी ओतून दाखवली. पोरगं दोनाचा पाढा तिथं शिकलं म्हणा ना. काही घेतलं नाही आम्ही, तरी चहा पाजला.

आणि रविवारी सकाळी तिथं मोडी लिपी वाचणारे एक निवृत्त गुरुजी बसतात. लोक घरातले कागद घेऊन येतात. बहुतेक वेळा निघतो तो विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा कज्जा, पण लोक 'काहीतरी गडाबिडाचं असेल' अशा आशेनं उभे असतात. फुकट चालतं हे. बंद पडलं तर कुठं जाणार ही माणसं?

चिंचेचा_कोळ

बायका किती असतात हो त्या रविवारच्या बैठकीत?

ओगलेवाडी_पॅसेंजर

…नसतात. बरोबर आहे तुमचं.

चिंचेचा_कोळ

भांडी सगळी बायकांची, नावं बायकांची, गप्पा पुरुषांच्या. असो. पुढच्या रविवारी मी येते. माझ्याकडं फिरकीचा तांब्या आहे, त्याची फिरकी अडकलीय. विकायचा नाही, नुसता दाखवायचाय.

कृष्णाकाठचा

कळवायला उशीर झाला. काल घंगाळ घेऊन आलो. घासाघीस करून आठ हजार दोनशेला दिलं. गाळेवाल्याच्या शेजाऱ्यानं चिठ्ठीही लिहून दिली : 'सांगली शहर, भंगारातून, २०२२.' म्हणजे पुरानंतर तीन वर्षांनी. तिथंच मला शंका यायला हवी होती.

आईपुढं ठेवलं. तिनं चष्मा लावला, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, 'हे आपलं नव्हे.'

म्हटलं, नाव बघ, साल बघ. तर म्हणाली, 'सासूबाईंचं लग्न मार्गशीर्षातलं, मे महिन्यातलं नाही. आणि त्यांना मामा नव्हतेच. आपलं घंगाळ मोडीत देऊन स्टीलची पिंपं आणली होती, तू तेव्हा दुसरीत होतास. सासूबाई आणि मी दोघी गेलो होतो रिक्षानं. त्यांनाच घाई होती.'

काकांची मनातल्या मनात माफी मागितली. पाच-सहा वर्षं त्यांच्यावर विनाकारण खार खाऊन होतो.

घंगाळ आता बाल्कनीत आहे. आईनं हौसेनं एकदा चिंच लावली, नाव झळझळीत निघालं. पण रोज सकाळी दुसऱ्याच कुणाच्या तरी आजीचं नाव वाचून दाढी करायला बरं वाटत नाही. म्हणून विचारतो : १२ मे १९५१ ला लग्न झालेल्या, आडनाव 'कु'नं सुरू होणाऱ्या, मामांनी घंगाळ दिलेल्या आजी कुणाच्या घरात होत्या का? असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भांडं सुस्थितीत आहे, एका कडीचा रिवेट तेवढा ढिला आहे.

कुपवाड_रोड

आमच्या आजीचं लग्न वैशाखातलं, ५१ चंच. मामा तासगावचे. घंगाळाचं आई अजून नाव काढते.

किती म्हणताय?