रोम पडल्यावरही इटलीची मोहीम का लांबली?

दादरकर: माणगावचे यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, म्हणून मी या मोहिमेचा अभ्यास करत आहे. ४ जून १९४४ रोजी रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आले, तरी इटलीतील जर्मन शरणागतीला २ मे १९४५ का उजाडावा लागला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गिरगावकर: मुख्य कारण दोस्त राष्ट्रांमधील मतभेद. चर्चिल यांना इटलीतून उत्तरेकडे मुसंडी मारायची होती, तर अमेरिकेचे लक्ष फ्रान्सवर होते. अखेर ऑगस्ट १९४४ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्यासाठी इटलीतून सात डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) काढून घेतल्या गेल्या, आणि त्यांत रोमच्या दक्षिणेकडील कॅसिनो या गावाजवळ दुर्गम डोंगरांतून वाट काढणारे, पहाडी युद्धात मुरलेले फ्रेंच सैन्यही गेले. माझ्या मते ही उणीव भरून निघालीच नाही.

मुलुंडकर: सहमत आहे, पण भूगोलही विसरू नये. अपेनाइन्स पर्वतातून उतरणाऱ्या नद्या एकामागून एक आडव्या येत होत्या. घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात वीरमरण आले. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवले. दोघेही मराठा पलटणींचे.

दादरकर: आभारी आहे. चौथी भारतीय डिव्हिजन १९४४ च्या हिवाळ्यात ग्रीसला हलवली गेली, त्याचाही परिणाम झाला असावा का?

गिरगावकर: निश्चितच, कॅनडाचे सैन्यही १९४५ च्या आरंभी वायव्य युरोपात गेले.