सेकंडहँड पॅसिफिका हायब्रिड: खर्च किती, भरवसा किती?

व्हॅन_हवी

न्यू जर्सीत आहे. २०१९ ते २०२१ मधली क्रायस्लर पॅसिफिका प्लग-इन हायब्रिड (प्लग लावून चार्ज होणारी, पेट्रोलवरही चालणारी व्हॅन) बघतोय. रोजचं जाणं-येणं २६ मैल. उन्हाळ्यात आई-बाबा आले की सहा माणसं आणि त्यांच्या बॅगा. गराजमध्ये साधं १२० व्होल्टचं आउटलेट आहे. विजेवर चालवून खरंच किती वाचतात? आगीच्या भीतीने कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या, त्या रिकॉलचं पुढे काय झालं? की गुपचूप टोयोटाची सिएना व्हॅन घ्यावी? "मस्त गाडी आहे, घेऊन टाका" नको, आकडे द्या.

किलोवॅटकाका

ईपीएच्या (अमेरिकेची पर्यावरण संस्था) आकड्यांनुसार ही व्हॅन १०० मैलांना ४१ युनिट वीज खाते. विजेवर ३२ मैल जाते, पुढे गॅसवर, म्हणजे पेट्रोलवर, गॅलनला ३० मैल. यावरून एक सोपा आडाखा: गॅसचा गॅलनचा भाव डॉलरमध्ये घ्या आणि आठाने गुणा. जे येईल तितक्या सेंटला युनिट पडलं, तर वीज आणि गॅस सारखेच. गॅस ३.२० असेल तर ही रेषा साधारण २६ सेंटवर येते. वीज त्याहून स्वस्त असेल तर प्लग लावा, महाग असेल तर लावून तोटाच. कॅलिफोर्नियात पीजीअँडई या वीज कंपनीच्या ग्राहकांचा हिशोब इथेच फसतो.

दर काढताना बिलातला सप्लाय (विजेची किंमत) आणि डिलिव्हरी (ती घरापर्यंत आणण्याचा आकार) दोन्ही धरा. निम्मे लोक नुसता सप्लाय बघतात आणि खूश होतात.

तुमचे २६ मैल म्हणजे १०.७ युनिट. २० सेंटने २.१३ डॉलर. तेच अंतर गॅसवर २.७७. दिवसाला ६४ सेंट, वर्षात २५० दिवस धरले तर १६० डॉलर. सिएना गॅलनला ३६ मैल देते, तिला तेवढ्याच अंतराला २.३१ लागतात. म्हणजे सिएनाच्या तुलनेत तुमची बचत दिवसाला १८ सेंट! इंधनाच्या बचतीसाठी ही गाडी घेऊ नका. सेकंडहँड बाजारात सिएनाची किंमत उतरत नाही आणि पॅसिफिकाची उतरते, खरा फायदा त्या फरकात आहे.

चार्जिंग: १२० व्होल्टवर १२ अँपिअरने ताशी १.४ युनिट मिळतात. २६ मैलांची भरपाई साडेसात-आठ तासांत होते, रात्र पुरते. पूर्ण रिकामी असेल तर १२ ते १४ तास धरा. एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नको. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर आउटलेटच्या आतल्या पट्ट्या सैल झाल्यात. आउटलेट बदलून घ्या, चांगल्या प्रतीचं.

२४० व्होल्ट हवंच असेल तर गाडीच्या आतला चार्जर ६.६ किलोवॅटचा आहे, त्याला भिंतीवरचा ३२ अँपिअरचा चार्जर, ४० अँपिअरचा ब्रेकर आणि आठ गेजची तांब्याची वायर पुरते. दोन तासांत भरते. प्लगऐवजी थेट वायर जोडून घ्या. आउटलेट बसवलं तर वायरिंगच्या नव्या कोडप्रमाणे जीएफसीआय ब्रेकर (शॉक बसू नये म्हणून वीज तोडणारा) लागतो, चार्जरमध्येही तीच सोय असते, आणि दोघं मिळून विनाकारण ट्रिप होत राहतात. डीसी फास्ट चार्जिंग या गाडीला नाहीच, हायवेवर शोधू नका.

पाना_नं_१०

रिकॉल एकच नाही, म्हणून "रिकॉल झालंय" या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

२०२०: पुढच्या पॅसेंजर सीटखालचं १२ व्होल्टचं कनेक्शन. २०२२: २०१७-१८, उभ्या गाडीला आग. २०२३: २०१७ ते २३ च्या ६७ हजारांवर गाड्या, ट्रान्समिशनच्या वायरिंगमध्ये शॉर्ट होऊन चालत्या गाडीचं इंजिन बंद. जुलै २०२४: पुन्हा आगीचा धोका, गाडी चालवणारी मोठी बॅटरी, यावेळी २०१७ ते २१, म्हणजे तुम्ही बघताय ती वर्षंही आली. उपाय म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि गरज पडली तर बॅटरी बदलणं. काम होईपर्यंत चार्ज करू नका आणि गाडी घरापासून लांब उभी करा, अशी कंपनीचीच सूचना होती. व्हिन, म्हणजे गाडीचा १७ अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, एनएचटीएसएच्या (अमेरिकेची वाहन सुरक्षा संस्था) साइटवर टाका आणि विकणाऱ्याकडून डीलरचा सर्व्हिस प्रिंटआउट मागा. बॅटरी बदललेली गाडी मिळाली तर मला ती जास्त आवडेल.

दुसरी गोष्ट, जिच्यावरून सगळे वैतागतात: फॉर्म, म्हणजे फ्युएल अँड ऑइल रिफ्रेश मोड. बॅटरी फुल्ल असते तरी इंजिन घुरघुरत राहतं. कारण असं: थंडीत हीटर मागितला की इंजिन चालू होतं, "फक्त विजेवर" असं बटणच या गाडीत नाही. पाच-सात मैलांत इंजिन नीट तापत नाही, ऑइलमध्ये कच्चं पेट्रोल आणि पाणी साठतं. मग ते उडवून लावायला गाडी स्वतःच इंजिन चालवते. तुम्ही छोट्या फेऱ्या मारून हे मध्येच तोडत राहिलात तर दिवसचे दिवस चालतं. एकदा हायवेवर सलग तासभर पळवा, सुटतं. तरी परत-परत आलं तर डिपस्टिक काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदला (५ क्वार्ट, ०डब्ल्यू-२०) आणि थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा झडप, तपासा. तो उघडाच अडकला असेल तर इंजिन कधीच पुरेसं तापत नाही, आणि मग फॉर्म कधीच संपत नाही.

एकाच वेळी चार-पाच दिवे लागले, चार्ज घेईना, तर आधी १२ व्होल्टची बॅटरी मोजा. मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे स्विच) या छोट्या बॅटरीच्याच जोरावर जोडले जातात. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ चांगलं, १२.२ च्या खाली संशय. डीलर मोठं निदान काढायच्या आत हे दहा मिनिटांचं काम उरका.

व्हॅन_हवी

आठाने गुणायचा आडाखा वहीत लिहून ठेवला. माझा दर २१ सेंट पडतोय, दोन्ही धरून. टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय बघू?

पाना_नं_१०

आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा. ट्रिप मीटर शून्य करा, इंजिन पेटेपर्यंत चालवा. उबदार हवेत, हीटर बंद, ३० च्या आसपास आले तर बॅटरी ठणठणीत आहे, २२-२३ वर आटोपलं तर भाव पाडा किंवा निघा.

मग थंड इंजिनाचा आवाज ऐका. यातल्या ३.६ लिटर पेंटास्टार इंजिनात टिकटिक आली की रॉकर आर्मवर (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) संशय. टॉर्च घेऊन इनटेकच्या खाली, दोन्ही बाजूंच्या मधल्या खळग्यात बघा. तिथे ऑइल किंवा कूलंट साचलं असेल तर प्लास्टिकचं ऑइल फिल्टर हाउसिंग गळतंय. पार्ट फार महाग नाही, पण इनटेक उतरवावा लागतो म्हणून मजुरी लागते. ब्रेकच्या चकत्याही बघा. मोटरच बरंचसं ब्रेकिंग करते, त्यामुळे आपल्याकडच्या मिठाच्या रस्त्यांवर चकत्या झिजण्याऐवजी गंजतात.

डिकी_भरलेली

सिएनाचं राहिलं. २०२१ पासून सगळ्या सिएना हायब्रिड, प्लग नाही, चारही चाकांना ताकद देणारी ड्राइव्ह मिळते. पॅसिफिका हायब्रिडला ती नाही. पण सिएनाच्या मधल्या सीट काढता येत नाहीत. पॅसिफिका हायब्रिडच्या निघतात, फक्त जमिनीत गडप होत नाहीत, कारण तिथे बॅटरी आहे. गडप होते ती तिसरी रांग. सहा माणसं बसवली तर तिसरी रांग वरच राहणार, मग तिच्यामागचा खोल खड्डाच तुमची डिकी. आई-बाबांच्या २३-२३ किलोच्या चार बॅगा तिथे उभ्या लावून बघा, विकत घ्यायच्या आधी, रिकाम्या बॅगा नेऊन.

आणि हो, स्पेअर टायर नाही. पंप आणि सीलंट आहे, साइडवॉल फाटली तर त्याचा उपयोग शून्य. सीलंटच्या बाटलीवरची तारीख बघून घ्या.